पिशवीच्या आधी एक बादली

ऑक्टोबरात धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, कळंबकडे जा नाहीतर उमरग्याकडे, हवेत सोयाबीन असतं. रस्त्याकडेला मळणी यंत्र धडधडत असतं, त्याच्या तोंडातून भुसकटाचा पिवळट लोट निघत असतो आणि वारा ज्या अंगाला असेल त्या अंगाच्या घरांतल्या बायका भराभर खिडक्या लावून घेत असतात. उपयोग फारसा होत नाही. सोयाबीनच्या झाडावरची बारीक लव मळणीत सुटी होते. ती अंगाला खाते, कपड्यांत शिरते, गादीत जाऊन बसते. तिच्यामागोमाग काळ्या रानाची धूळ. त्यात घर जुन्या माळवदाचं असेल तर वरूनही माती झरते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर असं हे छप्पर. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारं, पण १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हेच वजन माणसांच्या अंगावर आलं. त्यानंतर लोहारा-उमरगा भागात स्लॅबची घरं वाढली. जिथे माळवद टिकून आहे तिथे मात्र सकाळी झाडलेल्या जमिनीवर दुपारी पुन्हा बोटानं नाव लिहिता येतं.

आणि नेमकी हीच दिवाळीच्या साफसफाईची वेळ. केरसुणी हे काम अर्धंच करते. जाड कचरा पुढे ढकलते आणि बारीक धूळ हवेत उधळते. ती तासाभरानं होती तिथे परत येऊन बसते. अंगणात झाडण्याआधी पाणी शिंपडायची पद्धत त्याचसाठी. पण गादीवर किंवा सोफ्यावर सडा कसा टाकणार?

म्हणून काही घरांत व्हॅक्यूम क्लीनर आला. आपल्याकडे हे यंत्र दारोदार हिंडणाऱ्या विक्रेत्यांनी रुजवलं. युरेका फोर्ब्स ही कंपनी १९८२ साली निघाली आणि हातात पेटी घेऊन बेल वाजवणारा तिचा विक्रेता शहरांतल्या मध्यमवर्गाच्या ओळखीचा झाला. असल्या प्रात्यक्षिकातला हुकमी डाव म्हणजे नळीच्या तोंडाशी पांढरं फडकं धरून यंत्र गादीवर फिरवायचं आणि मग ते फडकं घरच्या बाईसमोर उलगडायचं. त्यावरचा काळा गोल पाहिला की सौदा झालाच. आमच्याकडे यंत्र आलं ते पुण्यातल्या मावशीनं फ्लॅट बदलला तेव्हा, एसटीच्या टपावरून. पहिला महिना सगळ्यांनी हौसेनं चालवलं. मग ‘आता पहिल्यासारखं ओढत नाही’ असं म्हणत ते माळ्यावर गेलं. वर्षभर तिथेच होतं.

‘ओढत नाही’ हे शब्द जरा तपासून बघायला हवेत, कारण या प्रकरणातली सगळी दुरुस्ती त्यांच्यावर उभी आहे.

यंत्राच्या पोटात एक पंखा मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेत असतो. तो आपल्या पुढची हवा मागे फेकतो. पुढे हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा ती जागा भरायला नळीतून धावते. धूळ या धावत्या हवेवर स्वार होऊन येते. म्हणजे यंत्र हलवतं ते हवेला. धूळ ही त्या गाडीतली प्रवासी. गाडी जोरात पळाली पाहिजे आणि वाटेत कुठे अडता कामा नये. साध्या घरगुती नळीचं तोंड सव्वा इंचाच्या, म्हणजे ३२ मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यातून सेकंदाला ३० लिटर हवा गेली तर तिचा वेग सेकंदाला ३५ मीटरच्या वर भरतो. हा वादळी वाऱ्याचा वेग झाला. पण तो नळीच्या आत असतो. तोंडापासून नळीच्या रुंदीइतकं, म्हणजे सव्वा इंच लांब गेलं की तो दहाव्या हिश्श्याच्याही खाली येतो. चुलीपाशी बसलेल्या बाईला हे माहीत असतं. फुंकणीनं हातभर अंतरावरचा निखारा फुलवता येतो, पण तीच फुंकणी तोंडात धरून श्वास आत घेतला तर राखेचा कणही हलत नाही. फुंकलेली हवा धारेसारखी एका दिशेनं जाते. ओढलेली हवा चहूबाजूंनी थोडी थोडी येते. म्हणून व्हॅक्यूमचं तोंड जमिनीला चिकटूनच फिरायला हवं, आणि तोंडाच्या कडेला गेलेला एक तडा अख्ख्या यंत्राची मेहनत वाया घालवू शकतो.

आता एक गंमत. चालू यंत्राच्या नळीवर तळहात दाबून धरा. आवाज चढतो, कर्कश होतो. मोटरवर ताण आला असं वाटून माणूस घाबरून हात काढतो. खरं तर ताण उतरलेला असतो. हलवायला हवाच उरली नाही, म्हणून पंखा मोकाट सुटतो. विहिरीतलं पाणी संपल्यावर पंप हलका पळायला लागतो आणि स्टार्टरवरचा अँपिअरचा काटा खाली येतो, त्यातलाच हा प्रकार. आणि धोकाही तोच. पाणबुडी मोटर पाण्यानंच थंड राहते, कोरडी चालवली की जळते. साध्या कोरड्या व्हॅक्यूमची मोटरही ओढलेल्या हवेवरच थंड होते. नळी तुंबली, पिशवी कोंदली की तिचा वारा बंद. आवाज चढला म्हणजे यंत्र जोमात आहे असं समजून जे चालवत राहतात, त्यांचं यंत्र लवकरच रिवाइंडिंगच्या दुकानात जातं.

आमचं यंत्र माळ्यावरून खाली काढलं तेव्हा पहिला प्रश्न होता, दुखणं मोटरचं की दुसऱ्याच कशाचं? त्यासाठी विकतचं उपकरण लागत नाही. गवंडी पायाची पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी पुरे. तिचं एक टोक जमिनीवरच्या पाण्याच्या बादलीत सोडायचं. यंत्र जिन्यावर, बादलीपासून दहा-बारा फूट उंच ठेवायचं आणि नळीचं दुसरं टोक त्याच्या तोंडात सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून हवाबंद बसवायचं. चार-पाच सेकंद चालू करायचं, जास्त नाही, कारण तेवढा वेळ मोटरला वारा नसतो. चांगल्या यंत्रात पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं. साधारण दहा मीटरच्या वर चढवणारा व्हॅक्यूम जगात कुणालाच बनवता येणार नाही. पाण्याला वर ढकलतो तो बाहेरचा वातावरणाचा दाब आणि त्याची ताकदच तेवढी. विहिरीच्या काठावरची मोटर पंचवीस फुटांखालचं पाणी उचलायला का कुरकुरते आणि लोक ती खाली टप्प्यावर का बसवतात, त्याचंही कारण हेच.

आमच्या यंत्रानं पाणी झकास चढवलं. म्हणजे मोटर धडधाकट, पंखा ठीक, सांधेही फारसे गळत नव्हते. तरी कचरा उचलला जात नव्हता. या परीक्षेत हवा वाहत नाही, नुसती ओढ मोजली जाते. त्यामुळे कोंदलेली पिशवी तिच्यात पकडली जात नाही. पाणी चढतंय पण कचरा येत नाही, असं असेल तर गुन्हेगार बहुधा पिशवीच.

पिशवी ही मोठी अवघड जागा आहे. तिनं धूळ अडवायची आणि हवा सोडायची. पहिल्या दिवशी ती दोन्ही करते. मग तिच्या छिद्रांत बारीक कण जाऊन बसतात आणि पिशवी भरण्याच्या कितीतरी आधी तिचा श्वास कोंडतो. वरून पाहिलं तर पाव पिशवीही भरलेली नसते, म्हणून कुणी ती बदलत नाही. काळ्या रानाची माती या बाबतीत फार वाईट. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण जबर आणि चिकणमातीचा कण म्हणजे व्याख्येनंच दोन मायक्रॉनपेक्षा बारीक; एक मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग. लंडनच्या गालिच्यातली धूळ समोर ठेवून बनवलेल्या यंत्राला आपण परंड्याच्या रानाची धूळ खायला घालतो.

हे दुखणं किती जुनं आणि किती सगळ्यांचं, त्याचा एक मासला युरोपात सापडतो. तिथे व्हॅक्यूम क्लीनरवर वीजबचतीचं लेबल लावणं सक्तीचं झालं. वॅट जास्त म्हणजे सफाई जास्त हा समज मोडण्यासाठी २०१४ पासून १६०० आणि २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादाही आली. पण लेबलासाठीची चाचणी रिकाम्या पिशवीवर होत असे. व्हॅक्यूम क्लीनर बनवणारी डायसन कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपियन संघाच्या न्यायालयानं ते लेबलच रद्द ठरवलं. घरात रिकामी पिशवी घेऊन कोण झाडतं, एवढाच मुद्दा होता.

या यंत्राचा इतिहासही घरच्या वस्तूंनीच भरलेला आहे. १९०१ साली ह्यूबर्ट बूथ या इंग्रज इंजिनिअरनं लंडनमध्ये धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, फुंकण्याऐवजी ओढली तर? मग एका उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून, त्यावर तोंड लावून त्यानं जोरात श्वास आत घेतला. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला होता. विक्रेत्याच्या फडक्याचा पूर्वज तो हा. बूथचं यंत्र घोडागाडीवर असे, रस्त्यात उभं राही आणि त्याच्या नळ्या खिडक्यांतून घरात शिरत. १९०२ च्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे त्यानंच साफ केले. घरात मावणारं यंत्र मात्र अमेरिकेतल्या ओहायोमधल्या कँटन गावात, एका दुकानात झाडलोट करणाऱ्या माणसानं बनवलं. जेम्स मरे स्पँगलर त्याचं नाव. त्याला दमा होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसत नव्हती. १९०७ साली त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडले. अभ्रा ही झाली पिशवी. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. हक्क विकत घेतले कातडी सामान करणाऱ्या विल्यम हूवरनं, आणि नाव राहिलं ते हूवरचं. झाडूवाल्याचं नाव आज किती जणांना सांगता येईल?

पण अभ्रा काय आणि कंपनीची कागदी पिशवी काय, कोंदायची ती कोंदतेच. तेव्हा सुधारणा पिशवीत करायची की पिशवीच्या आधी?

याचं उत्तर आमच्या भागात खळ्यावर आहे.

मळलेलं धान्य, म्हणजे मदन, पाटीत भरून वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभा राहिलेला माणूस ते हळूहळू खाली सोडायचा. वारा भुसा लांब नेई, दाणे सरळ पायाशी पडत. मध्ये कुठेतरी अर्धवट भरलेले हलके दाणे. चाळणी नाही, कापड नाही, तरी माल वेगळा होतो. वेगळा करतो तो वारा आणि वजन यांच्यातला झगडा. चाळणी कोंदते, वारा कोंदत नाही. आमच्या आईनं जन्मभर हे केलं. वावडीवरच्या माणसाला पाट्या भरून देणं तिच्याकडे असायचं आणि वारा पडला की सगळं खळं थांबायचं.

अडचण एकच. दाण्याला खाली ओढायला पृथ्वीचं बळ पुरतं, धुळीच्या कणाला ते पुरत नाही. दहा मायक्रॉनचा मातीचा कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम आठ मिलिमीटर उतरतो. नळीतून सुसाटत येणाऱ्या हवेतून तो खाली पडेल म्हणून वाट बघत बसलो तर पिशवी केव्हाच गाठेल तो. मग वजन वाढवायचं कसं? हवेला गोल फिरवून. गोफणीतला दगड जसा बाहेर जाऊ बघतो तसा फिरत्या हवेतला कण भिंतीकडे जातो. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलात हवा सेकंदाला २० मीटरनं फिरवली तर कणावरचा जोर पृथ्वीच्या ओढीच्या चारशेपट होतो. सेकंदाला आठ मिलिमीटर सरकणारा कण आता तीन मीटरच्या वेगानं भिंतीकडे धावतो, भिंतीला घासून वेग हरवतो आणि घरंगळत तळाला जातो. स्वच्छ झालेली हवा मधल्या नळीनं वर निघून जाते. तिवड्याभोवती, म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरायची आणि शेजारी उफणणी चालायची. या यंत्रात ती दोन्ही कामं एकाच जागी होतात.

याला सायक्लोन म्हणतात आणि तो कारखान्यांत एकोणिसाव्या शतकापासून आहे. लातूर-धाराशिव पट्ट्यात तो बघायला लांब जावं लागत नाही. कुठल्याही डाळ मिलच्या छपरावर पत्र्याचं मोठं, वर रुंद आणि खाली निमुळतं होत गेलेलं नळकांडं दिसतं. आकार थेट पाभरीच्या चाड्यासारखा. तुरीच्या सालपटाची भुकटी त्यात फिरते, खाली उतरते आणि तळाशी गोळा होते. आपण रोज त्याखालून जातो.

इंग्लंडमध्ये जेम्स डायसनही असाच एका लाकडाच्या वखारीवरचा सायक्लोन बघत उभा राहिला. साल होतं १९७८ च्या आसपासचं. त्याच्या कारखान्यात रंगाची भुकटी उडायची, तिच्यासाठी त्याला तसा सायक्लोन हवा होता. आणि घरचा हूवर ज्युनिअर पिशवी कोंदल्यामुळे ओढत नव्हता, म्हणून तो वैतागलेला होता. त्यानं पुठ्ठा कापून छोटा सायक्लोन वळला, चिकटपट्टीनं जोडला, पिशवी फाडून त्या जागी तो बसवला आणि घरभर फिरवून पाहिला. यंत्र चाललं. पुढे त्याचे ५,१२७ नमुने झाले, १९८६ मध्ये जपानात पहिलं यंत्र विकायला आलं आणि १९९३ मध्ये स्वतःच्या नावाचं. पण त्या सगळ्याच्या मुळाशी जुन्या यंत्राला लावलेला एक घरगुती पुठ्ठ्याचा भाग आहे. आज त्या कंपनीचं यंत्र ज्या किमतीला मिळतं ती बघता आपण पुठ्ठ्याशीच थांबलेलं बरं.

पुठ्ठ्याऐवजी आम्ही बादली घेतली. रंगाची वीस लिटरची, घट्ट झाकणाची. घर रंगवून झालं की ती कुणाच्याही गोठ्यात सापडते.

रचना अशी. यंत्राची नळी आणि झाडायचं तोंड यांच्या मधोमध ही बादली येते. झाकणाच्या केंद्रात एक भोक पाडून त्यातून पीव्हीसी नळीचा तुकडा चार-पाच बोटं खाली उतरवायचा. ही बाहेर जाणारी वाट, ती यंत्राला जोडायची. झाकणाच्या कडेला दुसरं भोक, त्यात आतून एल्बो. एल्बोचं तोंड बादलीच्या भिंतीला लागून, भिंतीच्याच दिशेनं वळलेलं हवं, म्हणजे आत आलेली हवा सरळ केंद्राकडे न जाता भिंतीकडेनं फेर धरेल. सगळी जादू या एका कोनात आहे. एल्बो केंद्राकडे रोखला तर ती नुसती बादली झाली.

सुतारकाम करणाऱ्या हौशी लोकांत याहून चांगली एक युक्ती चालते, तिला थीन बॅफल म्हणतात. एल्बोच्या खाली एक आडवी गोल तबकडी बसवायची, बादलीच्या आतल्या मापाची. तिच्या कडेनं सुमारे एक इंच रुंदीची फट कापायची, पण पूर्ण वर्तुळाला नाही, दोन तृतीयांशालाच. उरलेला अखंड भाग जिथे हवा आत येते तिथे ठेवायचा. फिरणारी धूळ कडेच्या फटीतून खाली पडते आणि वरच्या वावटळीला खाली पडलेला कचरा पुन्हा उचलता येत नाही. मधल्या नळीचं टोक तबकडीपासून बोटभर वर राहायला हवं. आम्ही तबकडी जुन्या बादलीच्या झाकणातून कापली.

नळ्यांची सोय शेतात असते. ठिबकची, तुषारची, पाइपलाइनची उरलेली ४० आणि ५० मिलिमीटरची पीव्हीसी कुठेही पडलेली असते. अडचण इतकीच, की व्हॅक्यूमच्या नळीचं माप कुठल्याही आयएसआय पाइपशी जुळत नाही. रानात पाइप जोडताना लोक पाचोळ्याच्या जाळावर त्याचं तोंड मऊ करून फुगवतात. घरात ते करू नये. पीव्हीसी करपला की त्यातून आम्लाची वाफ निघते, घसा धरते. उकळत्या पाण्यात टोक मिनिटभर बुडवलं तरी तो पुरेसा मऊ होतो. मग आत व्हॅक्यूमच्या नळीचं तोंड दाबून बसवायचं आणि गार पाणी ओतायचं. साचा आपोआप तयार. राहिलेल्या फटीला एम-सील, झाकणाच्या कडेला सायकलची ट्यूब उभी चिरून.

फट बुजवण्यात आळस नको. यंत्राच्या नळीत कुठे हवा घुसली तर थोडी ताकद जाते, पण बादलीच्या खालच्या भागात घुसली तर ती तळातला कचरा घेऊनच वर उठते. खालून गळणारा सायक्लोन नसलेला बरा. डाळ मिलमध्ये सायक्लोनचा तळ घट्ट बंद ठेवतात तो त्याचसाठी.

पहिल्या दिवशी आम्ही तोंड गादीला टेकवलं, खोळ नळीत ओढली गेली, वाट बंद झाली आणि बादली ‘भप्प’ आवाज करून आत मुडपली. गल्लीतली पोरं हसली, पण मला कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटली. तीस सेंटिमीटर व्यासाचं झाकण, आणि पाणी दोन मीटर चढवणारी ओढ. गुणाकार केला तर झाकणावर बाहेरून जवळपास १४० किलोचा भार येतो. सोयाबीनचे पन्नास किलोचे तीन कट्टे त्या झाकणावर रचल्यासारखंच ते. प्लॅस्टिक मुडपलं यात त्याचा दोष नव्हता. उपाय दोन केले. एकात एक दोन बादल्या घातल्या, त्यानं भिंत दुप्पट जाड झाली. आणि झाकणाला अंगठ्याएवढं भोक पाडून त्यावर आतून रबराची चकती हलक्या स्प्रिंगनं ओढून बसवली. ओढ फार वाढली की चकती आत ढळते, हवा शिरते आणि बादली वाचते. मोटरलाही तेवढा वारा मिळतो. सगळ्या जोडकामातला मला सर्वात आवडलेला भाग हा, आणि तो एका बिघडलेल्या बॉलपेनाच्या स्प्रिंगचा आहे.

बादली फुकट चालत नाही, हेही सांगायला हवं. हवेला गोल फिरवायला ताकद खर्च होते, त्यामुळे नव्या कोऱ्या पिशवीवर एकट्यानं चालणाऱ्या यंत्रापेक्षा बादली जोडलेलं यंत्र पहिल्या दिवशी किंचित मंद वाटतं. फरक दिसतो तो आठव्या दिवशी. एकटं यंत्र तोवर निम्म्यावर आलेलं असतं आणि बादलीवालं होतं तिथेच असतं.

आणि बादलीला सगळं जमत नाही. एक मायक्रॉनचा कण चारशेपट जोरानंही सेकंदाला तीनेक सेंटिमीटरच सरकतो. भिंत गाठायच्या आत हवा त्याला घेऊन निघून जाते. काळ्या मातीतली सुटी झालेली चिकणमाती अशी निसटते. बरीचशी मात्र कणाला कण चिकटून गोळ्यांच्या रूपात येते, ती सापडते. निसटलेली अडवायला पिशवी किंवा फिल्टर लागतोच. इथे काही लोक काटकसर म्हणून मांजरपाटाची पिशवी शिवतात. तसं करू नये. मांजरपाटाच्या विणीतून हीच धूळ आरपार जाते, वाटेत मोटर खराब करते आणि मागच्या जाळीतून आपल्याच नाकाशी येते. ती फुप्फुसात सर्वात खोल जाणारी असते. स्पँगलरचा अभ्रा १९०७ साली ठीक होता. फिल्टर कंपनीचाच ठेवावा, जमल्यास हेपा प्रतीचा. ही जात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पाच्या काळात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी पुढे आली आणि ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. बादली पुढे असली की हा महागडा फिल्टर किती तरी जास्त टिकतो. घरगुती भागानं विकतच्या भागाची राखण करायची, अशी ही वाटणी.

बाकीच्या सुधारणा छोट्या आहेत. मराठवाड्यातल्या घरांत शाहाबादी फरशी असते आणि तिच्या सांध्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची माती. यंत्राचं रुंद तोंड त्या सांध्यावरून गेलं की सांध्यातूनच हवा खातं आणि माती तशीच राहते. ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल नळी तिरकी कापून, रिड्युसरनं जोडली की सांधे कोरायचं तोंड तयार होतं. पण फार वेळ त्यावर चालवू नये. अरुंद तोंड म्हणजे कमी वारा, म्हणजे तापलेली मोटर. मोटरचे कार्बन ब्रश झिजतात, ठिणग्या उडायला लागतात, जळका वास येतो. मोटर भरणाऱ्या दुकानात त्याच मापाचे नवे कार्बन मिळतात. कोरड्या हिवाळ्यात प्लॅस्टिकच्या नळीतून धूळ घासत जाताना वीज साठते आणि बोटाला चटका बसतो. त्यानं दचकायला होतं, इजा होत नाही.

काही गोष्टींच्या वाटेला जाऊच नये. चुलीची राख कितीही गार दिसली तरी नको, तिच्यात निखारा लपलेला असतो आणि आत वाऱ्याला तोटा नसतो. रॉकेल-पेट्रोल सांडलेलं नको, पिठाच्या गिरणीतलं उडतं पीठही नको. कार्बनच्या ठिणग्या आणि हवेतलं पीठ यांची भेट घडवू नये. कोरड्या यंत्राला पाणी नको. १२०० वॅटचं यंत्र पाच अँपिअरच्या वर वीज घेतं, ते टेबलफॅनच्या बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर लावू नये, आणि घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर तर लावायचा विचारही नको.

दिवाळीच्या आधी दोन दिवस आम्ही तीन खोल्या, दोन गाद्या आणि माळा असं सगळं बादलीसकट झाडलं. बादली निम्म्याच्या वर आली. त्याहून जास्त भरू देऊ नये, कचरा तबकडीला टेकला की पुन्हा उडतो. यंत्रातली पिशवी काढून पाहिली तर तळाला मूठभर राखाडी पीठ. बादली घेऊन मी उकिरड्यावर गेलो आणि झाकण काढून सरळ उपडी केली. सगळी धूळ उलटून माझ्या डोक्यावर, डोळ्यात, शर्टात. सोयाबीनच्या लवेसकट.

आई दारातून बघत होती. म्हणाली, “आरं, आधी वारं बघावं, मग वतावं.”

तिनं खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि बोटांतून सोडून दाखवली. वारा गावाकडून रानाकडे होता. मी दुसऱ्या अंगाला उभं राहायला हवं होतं.